साखरेची पुडी आणि खिशातलं गाणं

माझा भाचा सहा महिन्यांपूर्वी नोकरीसाठी मिरजेहून म्हैसूरला आला. आमचं घर देवराज मोहल्ल्यात, मार्केटपासून चालत पाच मिनिटांवर. रविवारी सकाळी फुलं आणि भाजी आणायला आम्ही दोघं बरोबर जातो. परवा सयाजीराव रोडवरच्या गर्दीतून वाट काढताना तो एकदम म्हणाला, "मामा, थोडे पैसे साठलेत. तुमच्यासारखा मोठा म्युझिक प्लेअर घेऊ म्हणतोय. रोज ऑफिसच्या बसमध्ये दोन तास जातात, निदान गाणं तरी चांगलं ऐकू येईल."

किंमत विचारली तर त्याने नव्वद हजार सांगितली. वजन विचारलं तर ते त्याने पाहिलंच नव्हतं.

मी मार्केटमधल्या एका दुकानातून अर्धा किलो साखर घेतली आणि पुडी त्याच्या हातात दिली. म्हटलं, "ही आठवडाभर खिशात ठेवून हिंड. ऑफिसला जाताना, बसमध्ये, जेवायला जाताना. पुढच्या रविवारी आपण बोलू."

तो हसला. पण मी ही गंमत म्हणून सांगत नव्हतो. तीन वर्षांपूर्वी असाच एक जड प्लेअर मी हौसेने घेतला आणि त्याची किंमत नुसत्या पैशात मोजली नाही. ते पुढे सांगतो. आधी हा प्रश्न किती जुना आहे ते पाहू.

तीन मिनिटांची तबकडी

चांगला आवाज हवा की बरोबर नेता येणारा, ही ओढाताण ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हापासूनची आहे. 1902 साली कोलकात्यात भारतातल्या ध्वनिमुद्रणाची पहिली फेरी झाली, त्यात गौहर जान गायल्या. तासभर रंगणारा राग त्यांना जेमतेम तीन मिनिटांत बसवावा लागला, कारण तबकडीवर तेवढीच जागा. आवाजाला खरखर होती, तानपुरा जवळपास ऐकूच येत नव्हता. पण त्या तबकडीमुळे त्यांचं गाणं कोठीच्या आणि दरबाराच्या बाहेर पडून घराघरांत गेलं. याच गौहर जान आयुष्याच्या अखेरीस आमच्या म्हैसूरच्या दरबारात गायिका म्हणून आल्या आणि 1930 च्या जानेवारीत इथेच वारल्या.

आमच्या मिरजेचंही तसंच. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, म्हैसूर दरबारात त्यांचं गाणं होत असे. प्रत्यक्ष मैफलीत ज्यांनी त्यांना ऐकलं ते भाग्यवान. पण लहानग्या भीमसेन जोशींच्या कानावर खाँसाहेब पडले ते तबकडीतूनच. झिंझोटीतली एक ठुमरी ऐकून त्यांना गाण्याचं असं वेड लागलं की पुढे वयाच्या अकराव्या वर्षी ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. आजच्या हिशेबाने त्या तबकडीचा 'साउंड' अगदीच सुमार होता. पण ती होती तिथे, त्यांच्या कानाजवळ. घरात कपाटात बंद असलेल्या उत्तम यंत्राला ते जमलं नसतं.

नंतरची गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. जुलै 1979 मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला. कॅसेट, दोन सेल आणि दोघांना ऐकता यावं म्हणून हेडफोनची दोन भोकं. कॅसेटची सूं-सूं त्यात होतीच, तरी जग त्याच्यावर खूश झालं. ऑक्टोबर 2001 मध्ये ॲपलचा आयपॉड आला. त्याचं वजन 184 ग्रॅम आणि त्यात हजार गाणी मावत. हजार गाणी मावली ती फाईल दाबून लहान केल्यामुळे, म्हणजे आवाजातला काही भाग गाळून.

याला कंटाळलेल्या रसिकांसाठी मग उलटा प्रवास सुरू झाला. 2016 मध्ये सोनीनेच दोन महागडे वॉकमन काढले. मापाने जवळजवळ सारखे, आतली मुख्य यंत्रणाही बरीचशी सारखी. एकाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि वजन 267 ग्रॅम. दुसऱ्याचा सांगाडा तांब्याचा, वर सोन्याचा मुलामा आणि वजन 455 ग्रॅम. म्हणजे आयपॉडच्या जवळजवळ अडीचपट. खिशाला झोळ पडेल एवढं!

वजन येतं कुठून?

गाण्याच्या फाईलमध्ये असतात नुसते आकडे. त्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारी चिप असते, तिला 'डॅक' म्हणतात. ही चिप नखाएवढी असते. तिचं वजन नगण्य, आणि चांगली डॅक आता स्वस्तातही मिळते.

वजन येतं ते पुढच्या भागात. डॅकमधून निघालेली लहर फार नाजूक असते. तिला हेडफोनचा पडदा हलवण्याइतकं बळ देतो अँप्लिफायर. मोठ्या, घरगुती हेडफोनना हे बळ जास्त लागतं. जास्त बळ म्हणजे जास्त वीज, जास्त वीज म्हणजे मोठी बॅटरी, आणि या सगळ्याची उष्णता बाहेर काढायला धातूचा जाड सांगाडा. हाच सांगाडा बाहेरच्या विद्युत गडबडीपासून आतल्या नाजूक लहरीचं रक्षणही करतो. काही प्लेअरमध्ये डाव्या आणि उजव्या कानासाठी अँप्लिफायरची वेगळी जोडी असते, म्हणजे भाग दुप्पट. तांबं तर ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड.

म्हणजे हे वजन उगाच नाही. पण ते कामाला येतं तेव्हाच, जेव्हा पुढे जोडलेल्या हेडफोनला त्या ताकदीची गरज असते आणि आजूबाजूला शांतता असते. यातलं एकही नसेल तर आपण नुसता धातू वाहतो.

माझी चूक

मी तो धातू वाहिला. सकाळच्या चामुंडी एक्सप्रेसने कामासाठी बंगळूरला आठवड्यातून तीनदा जात होतो. खिशात जड प्लेअर, कानात हलके, उघड्या बांधणीचे इअरफोन. गाडीचा खडखडाट, चहावाल्यांच्या हाका, शेजाऱ्यांच्या गप्पा. यात खाँसाहेबांचा कोमल सूर कुठून ऐकू येणार? मी आवाज वाढवायचो. मंड्या येईपर्यंत आणखी वाढवायचो. एवढे पैसे घातलेत, तर बारकावे ऐकू आलेच पाहिजेत असा हट्ट.

दोन महिन्यांनी एका रात्री झोपताना उजव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली. सकाळीही ती थांबली नाही. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, तपासणी झाली. मोठं नुकसान दिसलं नाही, पण त्यांनी जे सांगितलं ते लक्षात राहिलं. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. माझी शिट्टी तीन आठवड्यांनी हळूहळू विरली. ते तीन आठवडे मी रोज रात्री हाच विचार केला, की जिच्यासाठी हे सगळं केलं ती ऐकण्याची शक्तीच घालवून बसलो असतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब साधा आहे. 80 डेसिबलच्या आवाजात आठवड्याला 40 तास ऐकणं मोठ्या माणसाला सुरक्षित. पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 90 डेसिबलवर ती आठवड्याला केवळ 4 तासांवर येते. माझे गाडीतले तासच त्याहून जास्त होते.

डोळे मिटून घेतलेली परीक्षा

बरा झाल्यावर मी घरी एक प्रयोग केला. एकीकडे माझा जड प्लेअर, दुसरीकडे फोन आणि त्याला जोडलेलं बोटभर लांबीचं डॅकचं अडॅप्टर. दोन्हीकडे एकच गाणं, एकच फाईल. दोन्हींचा आवाज शक्य तितका सारखा केला, कारण जे थोडं मोठं वाजतं ते कानाला नेहमी 'चांगलं' वाटतं. मी डोळे मिटले आणि बायको न सांगता पिन बदलत राहिली. काय वाजतंय ते मी दहा वेळा ओळखायचं.

कानात बसणाऱ्या छोट्या इअरफोनवर माझी सहा उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढंच झालं असतं. मग तेच मोठ्या, जास्त ताकद मागणाऱ्या हेडफोनवर. तिथे नऊ बरोबर. गायकाचा आवाज चढला की छोटं अडॅप्टर धापा टाकायचं, जड प्लेअर आरामात उभा राहायचा.

हा एका माणसाचा, एका खोलीतला प्रयोग आहे. त्यावरून सगळ्या प्लेअरांबद्दल निकाल देता येणार नाही. पण माझ्यापुरता निकाल लागला. जड प्लेअरची जागा दिवाणखान्यात, आरामखुर्चीशेजारी. बाहेर जाताना खिशात हलकं काही तरी.

पैसे कुठे घालावेत?

तुमच्या घरात कुणी असा विचार करत असेल तर हा क्रम लक्षात ठेवा.

सगळ्यात आधी इअरफोन. बाहेर ऐकायचं असेल तर कानात नीट बसणारे, बाहेरचा गोंगाट अडवणारे घ्या. बरोबर येणाऱ्या रबरी टोप्यांची तीनही मापं लावून पाहा. कानात घट्ट बसली नाही तर खालचे स्वर गळतात आणि महाग इअरफोनही पोकळ वाटतो. गोंगाट अडला की कमी आवाजात जास्त ऐकू येतं, कानही वाचतात. मात्र रस्ता ओलांडताना आणि मार्केटच्या गर्दीत चालताना ते काढूनच ठेवा.

दुसरी गोष्ट फाईल. सीडीच्या दर्जाचं एक तासाचं संगीत साधारण 635 एमबी जागा घेतं. काहीही न गाळता घडी घालणाऱ्या 'फ्लॅक' प्रकारात ते निम्म्याच्या आसपास येतं. म्हणजे 128 जीबीच्या नखाएवढ्या कार्डात साडेतीनशे तासांच्या जवळपास गाणं मावतं. आयपॉडच्या काळात जागेसाठी आवाज गाळावा लागला, आता ती सक्ती राहिलेली नाही.

तिसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. ब्लूटूथचे इअरबड वापरत असाल तर डॅक आणि अँप्लिफायर त्या इअरबडच्याच आत असतात. प्लेअर फक्त आकडे पाठवतो. त्याच्यातली महागडी यंत्रणा तेव्हा नुसती बसून असते. म्हणून बिनतारी ऐकणाऱ्याने जड प्लेअरवर पैसे घालण्यात काही अर्थ नाही.

प्लेअर या यादीत शेवटी येतो. मोठे हेडफोन असतील आणि शांत बसून ऐकायची सवय असेल, तर तो जरूर घ्या. त्याचा आनंद खरा आहे. आणि घरातल्या आजी-आजोबांसाठी घेत असाल तर आधी त्याची बटणं त्यांच्या बोटांना दाबता येतात का ते पाहा. वयानुसार वरच्या पट्टीतले बारकावे कानाला कमी ऐकू येतात. त्यांना जास्त उपयोग असतो तो हातात हलक्या आणि चालवायला सोप्या यंत्राचा.

पुडीचं काय झालं?

पुढच्या रविवारी भाचा आला तो हसतच. पहिल्या दिवशी पुडी खिशात होती. दुसऱ्या दिवशी पाठीवरच्या सॅकमध्ये गेली. बुधवारी ती टेबलावरच राहिली, आणि शुक्रवारी खोलीतल्या मित्राने त्यातली साखर चहात घातली.

"मामा, प्लेअरही टेबलावरच राहिला असता," तो म्हणाला.

त्याने गोंगाट अडवणारे चांगले वायरचे इअरफोन घेतले, एक छोटं डॅक अडॅप्टर घेतलं आणि फोनवर आवाजाची मर्यादा लावून ठेवली. उरलेले पैसे बँकेत. आता मिरजेला गेल्यावर आजोबांच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायचं त्याच्या मनात आहे. फीत सुकून तुटायच्या आत ते काम व्हायला हवं, म्हणून मीही त्याच्यामागे लागलोय.

माझा जड प्लेअर दिवाणखान्यातच आहे. रविवारी भाजी ठेवली, चहा झाला की भाचा मोठे हेडफोन लावून खुर्चीत बसतो. परवा त्याने पहिलं गाणं लावलं ते खाँसाहेबांचं, तबकडीवरून उतरवलेलं, खरखरीसकट. संपल्यावर म्हणाला, "मामा, बसमध्ये हे इतकं ऐकू येत नाही. पण येतं तेवढं पुरतं."

मग त्याने तेच पुन्हा लावलं. आवाज मात्र मी मध्येच उठून दोन घरं कमी केला.