मोठ्या वयाची मैत्रीण आणि फुकटचे सल्ले

बाळकुम नाक्यावरून ठाणे स्टेशनला जाणाऱ्या बसमध्ये सकाळी बहुतेक माना मोबाइलमध्ये असतात. ‘वयाने मोठ्या बाईला कसं पटवायचं’ हे शिकवणारे व्हिडिओ तिथे पंचविशीतल्या पोरांना सहज सापडतात. सल्ले ठरलेले: वय चार वर्षं वाढवून सांगा, तिला लग्न नकोच असतं म्हणून तो विषय काढू नका, आणि पहिल्या नकाराला दाद देऊ नका.

तिन्ही सल्ले घातक आहेत. शेवटचा तर थेट पोलीस ठाण्यात नेणारा. बाईने स्पष्ट ‘नको’ म्हटल्यावरही तिला गाठत राहणं, मेसेजचा मारा करणं म्हणजे पाठलाग. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार पहिल्याच गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाढवलेलं वय ‘दहावी कोणत्या साली?’ एवढ्या साध्या प्रश्नात उघडं पडतं. मग बाकीचं खरं बोललेलंही कोण खरं मानणार?

‘तिला लग्न नको असतं’ हा सर्वांत खोडसाळ समज. सचिन तेंडुलकरचा जन्म १९७३ चा, त्याच्या पत्नीचा, अंजलीचा, १९६७ चा. पहिली भेट १९९० मध्ये मुंबई विमानतळावर झाली, तेव्हा ती वैद्यकीय विद्यार्थिनी होती. पुढे लग्नाचं घरच्यांशी बोलायची वेळ आली, तेव्हा बुजऱ्या सचिनने ते काम तिच्यावर सोपवलं आणि तिने ते पार पाडलं. २४ मे १९९५ रोजी लग्न झालं.

‘तो सचिन होता, आमचं काय?’ असं कुणी म्हणेल. पण विशेष विवाह कायदा, १९५४ सगळ्यांना सारखाच आहे. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची, एवढीच वयाची अट. दोघांत कोण मोठं असावं याबद्दल त्यात अक्षर नाही. खरी अडचण नातेवाइकांच्या टोमण्यांची असते, आणि ते सोसावे लागतात मुख्यतः तिला. तिच्यामागे नोकरी असते, गृहकर्जाचा हप्ता असतो, कधी दहावीतलं मूल.

म्हणून बाळकुमच्या, डोंबिवलीच्या तरुणांनी पहिल्याच गप्पांत खरं वय सांगावं. तिला काय हवंय ते विचारावं आणि उत्तर पुरतं ऐकून घ्यावं. पहिली भेट चारचौघांत, तिला सोयीच्या वेळी ठरवावी. न भेटताच कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. फसगत झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. आणि नातं पुढे न्यायचं असेल, तर तिचं नाव आधी स्वतःच्या आईवडिलांना सांगावं.