जॅकेट घातलं, पण हाक कोण ऐकणार?

विकेंडला निगडीहून निघायचं म्हटलं की दोन प्लॅन ठरलेले असतात. पवना धरण, नाहीतर थेट मुंबई आणि गेटवेवरून बोटीने अलिबाग. बोटीत चढताना आपण काय बघतो? जॅकेट मिळतंय का आणि फोटोला जागा कुठली चांगली. बोटीवर वायरलेस आहे का, हे तुम्ही कधी विचारलंय?

१८ डिसेंबर २०२४ आठवा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. १५ जणांचा जीव गेला. ‘नीलकमल’वर शंभराहून जास्त माणसं होती. बरेच जण वाचले, कारण मुंबई बंदरात बोटींची वर्दळ असते आणि मदत लवकर पोहोचली. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. चर्चा मात्र तिथेच थांबली.

त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी धरणात काय झालं? कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. तिथे बंदरासारखी वर्दळ नव्हती. जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवतं, पण तुम्ही कुठे तरंगताय हे कुणाला तरी कळायला हवं ना?

‘मोबाइल आहे की!’ असं म्हणाल. पण तो भिजतो, रेंज जाते आणि लागलाच तर एकाच माणसाला लागतो. तो माणूस चिंचवडला घरी बसलेला असेल, तर काय करणार? चाकणच्या कंपनीत इंटर्नशिप केली असेल, तर अँडॉन माहीत असेल. लाइनवर गडबड झाली की दोरी ओढायची, दिवा लागतो आणि सगळ्यांना एकदम कळतं. समुद्रावर हेच काम मरीन व्हीएचएफ रेडिओ करतो. संकटाच्या हाकेसाठी चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. बटण दाबून तीनदा ‘मेडे’ म्हणायचं. मग बोटीचं नाव, जागा, काय झालंय आणि किती माणसं आहेत, ते सांगायचं. बटण सोडलं की समोरचं उत्तर ऐकू येतं. टप्प्यात जो कुणी हा चॅनेल लावून बसलाय, त्या प्रत्येकाला तुमची हाक पोहोचते, आणि सगळ्यात जवळचा आधी येऊ शकतो.

अर्थात रेडिओ म्हणजे जादू नाही. त्याच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे हातातल्या सेटचा टप्पा काही किलोमीटरचाच असतो. आणि पवनेवर चॅनेल १६ लावून कोण बसणार? तिथे बोट आणि काठ यांच्यात साधे वॉकी-टॉकी हवेत आणि काठावरचा सेट ऐकणारा माणूस हवा. कंपनीच्या गेटवरच्या सिक्युरिटीकडे जे असतं, ते तीसजण पाण्यात नेणाऱ्या बोटवाल्याकडे का नसावं?

बोटवाल्याला जॅकेटचा प्रश्न आता सवयीचा झालाय, कारण प्रवासी तो विचारतात. पुढच्या ट्रिपला आणखी दोन विचारा: ‘दादा, वायरलेस आहे का? आणि पलीकडे ऐकायला कोण आहे?’ उत्तर नीट मिळालं नाही, तर ती बोट सोडा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबरही आजच सेव्ह करून ठेवा.