काचेचा एक्का

शाळांच्या फुटबॉल स्पर्धा जवळ आल्या की एका यादीकडे सगळ्यांचे डोळे लागतात. संघाची यादी! मैदानात उतरणार फक्त अकरा जण. मग बाराव्या, पंधराव्या नंबरचं काय? आणि ज्याला दमा आहे, जिचा पाय मुरगळलाय, ज्याला डॉक्टरांनी पळायला बंदी केलीय, त्यांनी काय करायचं? पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या?

आज तुमची ओळख करून द्यायची आहे ती अशाच एका मुलाशी. त्याचं नाव मिसुगी जुन. हा खराखुरा मुलगा नाही बरं का, तो चित्रकथेतला आहे. जपानमध्ये मुलांसाठी ‘शोनेन जंप’ नावाचं साप्ताहिक निघतं. त्यात १९८१ पासून १९८८ पर्यंत योइची ताकाहाशी यांनी ‘कॅप्टन त्सुबासा’ ही चित्रकथा क्रमशः लिहिली आणि काढली. तिचा नायक त्सुबासा. फुटबॉल म्हणजे त्याचा जीव की प्राण! पण आपला मिसुगी हा नायक नव्हे. तो टोकियोच्या मुसाशी संघाचा, म्हणजे त्सुबासाच्या विरुद्ध संघाचा कॅप्टन.

मिसुगीचा खेळ इतका देखणा की त्याला मैदानावरचा राजपुत्र म्हणतात. पण त्याचं हृदय अधू आहे. एका सामन्यात तो अगदी थोडा वेळच पळू शकतो. म्हणून त्याचं दुसरं नाव ‘काचेचा एक्का’. एक्का खरा, पण जपून वापरायचा! उरलेला वेळ तो काठावर बसतो. आणि बसून करतो काय? पाहतो.

तुम्ही म्हणाल, पाहण्यात काय मोठंसं? सगळेच पाहतात की! थांबा. मुसाशी संघाचं हुकमी अस्त्र होतं ऑफसाइडचा सापळा. हे गणित एकदा समजून घेऊ.

समजा, तुमच्या संघातली मुलगी समोरच्यांच्या अर्ध्या भागात, चेंडूच्या पुढे उभी आहे. तिच्याकडे पास निघाला. त्या क्षणी ती आणि गोलरेषा यांच्यामध्ये समोरच्या संघाचे निदान दोन खेळाडू हवेत, गोलकीपर धरून. शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या अगदी बरोबरीत ती असली तरी चालतं. पण त्याच्या पुढे असली आणि तिने तो चेंडू खेळला, की शिट्टी! ऑफसाइड! १९२५ पर्यंत तर असे तीन खेळाडू लागत. त्या वर्षी तिनाचे दोन झाले.

आता सापळा कसा लावतात? पास निघणार, असं दिसताच बचाव फळीतले चौघे एकदम दोन पावलं पुढे सरकतात. आघाडीची मुलगी जागची हललेलीही नसते, पण आपोआप ऑफसाइड ठरते. गंमत आहे ना! मात्र चौघांतला एक जण जरी मागे राहिला, तरी सापळा फुटला. मग समोर फक्त गोलकीपर. आणि हुशार खेळाडू असेल तर तो पास देतच नाही, चेंडू घेऊन स्वतःच घुसतो. मग कसला ऑफसाइड!

इथे खरी मेख आहे. बचाव करणाऱ्याचे डोळे असतात चेंडूवर. पलीकडचा आपला गडी कुठे उभा आहे, ते त्याला दिसत नाही. दिसतं कुणाला? काठावर, फळीच्या सरळ रेषेत उभं राहणाऱ्याला. लाइन्समन (त्याला आता सहायक पंच म्हणतात) तिथेच का उभा असतो, ते आलं का लक्षात?

गोष्टीत पुढे त्सुबासाचा नानकात्सु संघ आणि मुसाशी उपांत्य सामन्यात भिडतात. त्या दिवशी मिसुगी ठरवतो, आज पूर्ण वेळ खेळायचं. त्याच्या दुखण्याचं गुपित त्सुबासाला कळतं आणि त्याचे पाय जड होतात. आजारी मुलाविरुद्ध जिवाच्या आकांताने खेळायचं तरी कसं? पण मिसुगीला दया नको असते, त्याला खरा सामना हवा असतो. शेवटी नानकात्सु ५-४ असा जिंकतो.

वाचताना अंगावर काटा येतो. पण दोस्तांनो, मिसुगीची ही नक्कल तेवढी करायची नाही हं! चित्रकथेत चित्रकार जीव वाचवू शकतो, मैदानावर नाही. डॉक्टर ‘नको’ म्हणाले की नको.

आणि खुद्द मिसुगीचं पुढे काय होतं? जपानचा कुमार संघ युरोपला जातो, तेव्हा मिसुगीही बरोबर असतो, प्रशिक्षकांचा मदतनीस म्हणून! ज्याच्याविरुद्ध हरला, त्या त्सुबासाच्याच संघासाठी आता त्याची नजर कामी येते. त्याला खेळायचंच असतं, ती ओढ कधी संपत नाही. पण म्हणून तो तोंड फिरवून बसत नाही.

आपल्याकडेही असा एक पाहणारा होऊन गेला, आणि तो गोष्टीतला नव्हता. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम झाली. रहीमसाहेबांनी त्याला चक्क आघाडीला खेळवलं! अंतिम सामन्यात त्याने गोल केला आणि भारताने दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक जिंकलं. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

तर आता या आठवड्याचा गृहपाठ. तुम्ही राखीव असा, नाहीतर नुसते प्रेक्षक. एक वही आणि पेन्सिल घ्या.

१. पहिली पाच मिनिटं चेंडूकडे बघूच नका. फक्त समोरच्यांची बचाव फळी पाहा. सगळे एकदम सरकतात, की एक जण रेंगाळतो? तो कोण?

२. हल्ले डावीकडून किती आणि उजवीकडून किती, याच्या रेघा ओढा.

३. मध्यंतरात आपल्या सरांना किंवा कॅप्टनला एकच गोष्ट सांगा. एकच! दमलेल्या डोक्यात दहा सूचना मावत नाहीत.

आई-बाबा, तुम्हालाही एक विनंती. काठावरून ‘मार!’, ‘पास दे!’, ‘अरे काय करतोस!’ असं तिघे तीन दिशांनी ओरडले, तर मुलाने ऐकायचं कुणाचं? त्यापेक्षा वहीतल्या रेघा मोजायला मदत करा. आणि घरी आल्यावर राखीव मुलाला ‘खेळायला मिळालं का?’ एवढंच विचारू नका. ‘आज काय दिसलं?’ हेही विचारा. उत्तर ऐकून चकित व्हाल.

ओरडणारे प्रत्येक मैदानावर पुष्कळ असतात. पाहणारे हवेत. होणार ना?

चला तर मग, वही भरली की आम्हाला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!