पाहण्याची दुर्बीण आणि रोखण्याची दुर्बीण

स्पॉटिंग स्कोपच्या निवडीविषयी वाचकांनी आपले अनुभव कळवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले तेव्हा काचेची स्वच्छता, आयपीसचा कोन, स्टँडची स्थिरता अशा विषयांवर पत्रे येतील ही आमची भाबडी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जो गठ्ठा टेबलावर येऊन पडला त्यातील निम्म्याहून अधिक मजकूर सीमाशुल्क कचेरीच्या दारात अडकून पडलेल्या पार्सलांविषयी निघाला. त्यांतील एका पत्राचा तपशील सांगितला म्हणजे बाकीच्यांचा सांगण्याचे कारण उरणार नाही. पत्रलेखक तीनशे मीटरचे जुने नेमबाज. त्यांनी 80 मिलिमीटर ऑब्जेक्टिव्हची, 45 अंश कोनाच्या आयपीसची एक उत्तम दुर्बीण पदरमोड करून परदेशातून मागविली. वेष्टनावर ‘स्पॉटिंग स्कोप’ ही अक्षरे आणि सोबतच्या कागदावर ‘रायफल नेमबाजीसाठी’ असा प्रामाणिक खुलासा. या दोहोंचा संधी करून अंमलदारांनी शेरा मारला की, वस्तू शस्त्रावर बसविण्याची असल्यामुळे शस्त्रपरवाना रुजू करावा. परवाना रुजू झाला, तेव्हा त्यावर दुर्बिणीची नोंद नाही असा दुसरा शेरा आला. आणि परवान्यावर दुर्बिणीची नोंद करावयाची नसते असे परवाना देणाऱ्या कचेरीकडून लेखी आणावे, असा तिसरा. तोवर सात आठवडे लोटले होते आणि गोदामभाडे रोजच्या रोज चढत होते.

ज्या स्पर्धांसाठी ही दुर्बीण मागविली होती, त्या आंतरराष्ट्रीय नियमांखालील तीनशे मीटरच्या स्पर्धांत रायफलीवर दुर्बीण बसविणे हेच मुळी नियमबाह्य आहे, तेथे धातूची साईटच चालते, हे अंमलदारांना कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर त्याचाही दाखला मागितला गेला असता. वस्तू हातात घेऊन पाहिली असती तरी उलगडा झाला असता. जिच्यात डोळा घालण्यासाठी मान वाकवून खाली पाहावे लागते, जिच्या तळाशी ट्रायपॉडवर बसविण्याचा पाय आहे, जिच्यात क्रॉसहेअरचा मागमूस नाही, ती वस्तू रायफलीवर चढवून नेम धरणारा मनुष्य आम्हाला तरी अद्याप भेटलेला नाही. आणि हा भेद आम्ही आज नव्याने शोधून काढलेला नसून शुल्क-अनुसूचीच्या नव्वदाव्या प्रकरणात तो ठसठशीत नोंदलेला आहे: द्विनेत्री, एकनेत्री व इतर प्रकाशीय दुर्बिणी शीर्ष 9005 खाली, शस्त्रांवर बसविण्याच्या दुर्बिणी शीर्ष 9013 खाली, आणि रेंजफाइंडर सर्वेक्षणाच्या उपकरणांसमवेत शीर्ष 9015 खाली. पुस्तक त्यांचेच, प्रकरण त्यांचेच. फक्त ते उघडण्याची तसदी घेतली गेली नाही.

तथापि सारा दोष कचेरीच्या माथी मारून मोकळे होणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. वस्तूकडे न पाहता वेष्टनावरची अक्षरे वाचणे हा जर अंमलदारांचा अपराध असेल, तर तोच अपराध आपल्यातील बहुसंख्य नेमबाज दुर्बीण विकत घेताना करीत असतात. ते वेष्टनावरचा आकडा वाचतात. ‘20 ते 60 पट’ असे छापलेले दिसले की साठाच्या लोभाने पैसे मोजतात, आणि रेंजवर गेल्यावर साठाऐवजी पंचविसावर येऊन थांबतात. कारण 60 मिलिमीटरची काच साठ पट केली की डोळ्यात उतरणारा प्रकाशाचा कवडसा अवघा एक मिलिमीटर उरतो, प्रतिमा काळवंडते, आणि दुपारच्या उन्हात जमिनीवरून उठणाऱ्या वाफाऱ्यांत ती जी थरथरू लागते तिच्यात छिद्र कोणते आणि भास कोणता हे ओळखणे अशक्य होते.

तीनशे मीटरवरील 7.62 मिलिमीटरचे छिद्र डोळ्याशी सुमारे पाच विकलांचा कोन करते. निरोगी डोळ्याला साठ विकलांच्या आसपासचा तपशील वेगळा दिसतो. म्हणजे पंचवीस पट वर्धनाने ते छिद्र दृष्टीच्या टप्प्यात सहज यावे, आणि चांगल्या 60 मिलिमीटर काचेची पृथक्करणशक्ती दोन विकलांच्या घरात असल्याने काचेचीही त्याला आडकाठी नसावी. तरीही पांढऱ्यावरचे छिद्र दिसते आणि काळ्यावरचे दिसत नाही, अशी तक्रार आपण करतो. ती वर्धनाची उणीव नसून काचेच्या प्रतीची आणि लेपाची उणीव असते. हजार यार्डांवर तर तेच छिद्र दोन विकलांच्याही आत जाते, आणि म्हणून इंग्लंडमधील बिस्लीच्या रेंजवर ते दुर्बिणीने हुडकण्याचा खटाटोप कोणी करीत नाही. बट्समधील माणसे गोळी लागली त्या जागी तबकडी लावून टार्गेट वर चढवितात. मग तेथील प्रत्येक नेमबाजाच्या शेजारी दुर्बीण उभी असते ती कशासाठी? ती वारा पाहण्यासाठी.

हेच स्पॉटिंग स्कोपचे खरे काम, आणि यासाठीच तिची परीक्षा व्हावयास हवी. टार्गेटवर फोकस करून मग तो किंचित अलीकडे आणला की मधल्या पट्ट्यातील मृगजळ वाहताना दिसू लागते: ते सरळ वर उकळत असेल तर वारा नाही किंवा तो नेमाच्या रेषेतूनच येत आहे, तिरपे वाहत असेल तर मंद आडवा वारा आहे, आणि आडवे सपाट धावू लागले की त्यापुढचा वेग मृगजळ सांगत नाही, झेंड्यांकडे वळावे. या वाचनाला पंचवीस-तीस पट पुरेसे होते. हवा असतो तो रुंद दृष्टिक्षेत्राचा, चष्म्यासह पूर्ण दिसेल असा आयपीस, प्रोनमध्ये गाल रायफलीवरून न उचलता डोळा नेता येईल असा कोन, आणि वाऱ्याने न हलणारा स्टँड. ज्यांचा मुक्काम कोकणात किंवा मुंबईत आहे त्यांनी नायट्रोजन भरून हवाबंद केलेल्या दुर्बिणीखेरीज दुसरी घेऊ नये. पावसाळ्याच्या एका मोसमात काचेवर चढलेली बुरशी उत्तमोत्तम लेपाची माती करते.

रेंजफाइंडरविषयी आमचे मत पुष्कळांना रुचणार नाही. लेसरच्या जाण्यायेण्याला लागणारा काळ मोजून अंतर सांगणारे हे यंत्र विलक्षण आहे यात वाद नाही. तीनशे मीटर जाऊन परतण्यास किरणाला दोनच मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्यात ते अंतर मीटरच्या आत सांगते. परंतु बंदूकधाऱ्यांत ते मुख्यत्वे ज्याच्या कामाचे तो शिकारी, आणि शिकार आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली आहे. मोजून बांधलेल्या रेंजवर अंतर ठाऊकच असते. हिशेबच मांडावयाचा तर असा मांडा: 168 ग्रेनच्या 7.62 च्या गोळीला तीनशे मीटरवर अंतरातील एका मीटरची चूक तीन-चार मिलिमीटरला पडते. आडव्या वाऱ्याच्या अंदाजातील सेकंदाला एका मीटरची चूक सुमारे पाच सेंटिमीटरला पडते, आणि दहाच्या वर्तुळाची त्रिज्या नेमकी पाच सेंटिमीटर आहे. खिशात एकाच उपकरणापुरते पैसे असतील तर ते कोठे घालावेत हे याहून स्पष्ट कसे सांगावे? नवे मैदान आखणाऱ्या क्लबाने एक रेंजफाइंडर अवश्य घ्यावा. सभासदाने दुर्बीण घ्यावी.

आता कचेरीचा प्रश्न कसा सोडवावयाचा? बिल ऑफ एंट्रीवर शीर्ष 9005 स्वतः लिहा. वर्णनात ‘ट्रायपॉडवर वापरावयाची, क्रॉसहेअररहित दुर्बीण’ असे शब्द घाला. क्रॉसहेअर असलेले मॉडेल, कितीही स्वस्त मिळाले तरी, मागवू नका. त्यावरील अंमलदारांची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. आणि तुमचे वर्गीकरण अमान्य झाले तर तोंडी शेऱ्यांवर वाद घालीत न बसता सीमाशुल्क कायद्याच्या कलम 17(5) अन्वये पंधरा दिवसांत सकारण लेखी आदेश मागा. तोंडी शेरा मारणे सोपे असते. स्वतःच्या सहीने कारण लिहून देण्याची वेळ आली म्हणजे पुस्तक उघडावे लागते.

याहून पक्का मार्ग आहे आणि तो आपल्या संघटनांच्या हाती आहे. वस्तूच्या वर्गीकरणाविषयी आयातीपूर्वीच अग्रिम निर्णय मागण्याची तरतूद याच कायद्यात आहे, आणि त्यासाठीचे प्राधिकरण दिल्लीप्रमाणे मुंबईतही आहे. असा निर्णय कायद्याने अर्जदारापुरताच बंधनकारक असतो हे खरे. म्हणूनच तो अर्ज एकट्यादुकट्या नेमबाजाने न करता संघटनेने करावा आणि सभासदांसाठी दुर्बिणी संघटनेच्या नावे आणाव्यात. हे आम्ही आज प्रथम सांगत नाही. ज्या संघटनेच्या सभांना प्रस्तुत संपादकाची हजेरी असते तिच्या कार्यसूचीवर हा विषय गेली तीन वर्षे ‘पुढील सभेत विचारार्थ’ म्हणून रुजू आहे, आणि पुढील सभेत गणपूर्ती होत नाही.

ज्या वाचकांची पार्सले अडकली आहेत त्यांनी त्यांच्यावरील शेऱ्यांच्या नकला या महिन्याअखेर आमच्याकडे पाठवाव्यात. त्यांचा एकत्र गठ्ठा करून, अर्जाच्या मसुद्यासह, आम्ही स्वतः संघटनेच्या सभेत ठेवू. आणि सभासदहो, त्या दिवशी निदान गणपूर्तीपुरते तरी या.