मोटारी आठ, पण कसब घरचे

माते रिमात्स या क्रोएशियन तरुणाने २००९ साली विजेवर चालणारी अतिवेगवान मोटार बनविण्यासाठी कंपनी काढली, तेव्हा भांडवल म्हणावे तर एक जुनी बीएमडब्ल्यू होती. शर्यतीत तिचे इंजिन निकामी झाले म्हणून त्याने तीत विजेची मोटर बसविली होती. २०११ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात कंपनीने हजाराहून अधिक अश्वशक्तीची ‘कन्सेप्ट वन’ मांडली. अशा गाड्या पुढे बनल्या अवघ्या आठ. आठ गाड्यांवर कारखाना चालत नाही, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. मग ही कंपनी तगली कशी?

येथे जॉन डिलोरियन यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. बेरोजगारीने गांजलेल्या बेलफास्टजवळ, डनमरी येथे, त्यांनी ब्रिटिश सरकारच्या पैशावर कारखाना उभारला. १९८१ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या आणि सुमारे नऊ हजार गाड्यांनंतर, १९८२ मध्ये, सारे आटोपले. त्या मोटारीचे इंजिन प्यूजो, रेनॉ व व्होल्व्हो यांचे, तांत्रिक घडण लोटसची, रूप इटलीच्या जुजारोचे. कंपनीचे स्वतःचे होते ते नाव, आणि अर्थातच जाहिरात! मोटार खपेनाशी झाली, तेव्हा विकावयास दुसरे काही उरले नव्हते.

रिमात्स यांनी नेमके उलट केले. बॅटरी, मोटर व त्यांची नियंत्रणयंत्रणा त्यांनी घरी घडविली आणि कोनिगसेग, ॲस्टन मार्टिन अशा प्रतिस्पर्ध्यांनाच आपले कसब विकले. मोटार हा त्या कसबाचा नमुना ठरला. २०१८ मध्ये पोर्शने कंपनीत भाग घेतला. २०२१ मध्ये बुगाटीसाठी स्थापन झालेल्या संयुक्त कंपनीत तर रिमात्स समूहाचा वाटा ५५ टक्के, पोर्शचा ४५ होता.

तथापि सारेच मनासारखे घडलेले नाही. सुमारे वीस लाख युरोंच्या, केवळ दीडशेच बनवावयाच्या ‘नेवेरा’लाही अपेक्षेइतके ग्राहक लाभले नाहीत. अतिधनिकांचा ओढा विजेच्या गाडीकडे नाही, हे रिमात्स यांनीच २०२४ मध्ये सांगितले. त्याच वर्षी सादर झालेल्या नव्या बुगाटीत सोळा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन आहे; विजेच्या मोटरी त्याच्या जोडीला. विजेच्या कट्टर पुरस्कर्त्यांस ही माघार वाटेल, आम्हांस वाटत नाही. काळजी आहे ती वेगळीच. बडे कारखानदार उद्या सारे तंत्र स्वतःच घडवू लागले, तर त्यांच्या मागणीवर जगणाऱ्या या घराचे काय होणार? म्हणूनच ‘नेवेरा’च्या वेगाच्या विक्रमांपेक्षा, बीएमडब्ल्यूशी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या बॅटरीविषयक सहकार्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.