सनस्क्रीनमध्ये काय असावं ते सरकार ठरवतं. पण बिनलेबलच्या डबीचं काय?

प्रताप नगर (नागपूर) : उन्हाळ्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या घरात गेला की मेडिकलमध्ये सनस्क्रीनची मागणी वाढते. हिंगणा, बुटीबोरीकडून शहरात कामाला, कॉलेजला येणाऱ्या पोरापोरींच्या बॅगेत आता दुपट्ट्यासोबत ही ट्यूबही असते. पण त्या ट्यूबमध्ये काय टाकायचं, हे कंपनी एकटी ठरवत नाही. ते सरकारी नियमावर ठरतं.

आपल्याकडे सनस्क्रीन औषध नाही, सौंदर्यप्रसाधन मानलं जातं. त्याला 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. ऊन अडवणारी कोणती रसायनं चालतील, याची यादी भारतीय मानक ब्युरोची आहे. कारखान्याला परवाना लागतो. बाहेर देशातून माल आणायचा तर केंद्राकडे नोंदणी करावी लागते.

अमेरिकेत उलट आहे. तिथे सनस्क्रीन औषधात मोडतं, त्यामुळे नव्या रसायनाला औषधासारख्या कडक चाचण्या द्याव्या लागतात. बेमोट्रिझिनॉल नावाचा घटक युरोपात आणि आपल्याकडे विकला जात होता, तेव्हा अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाला तो वर्षानुवर्षं मिळाला नाही. हवाई राज्यानं तर समुद्रातल्या प्रवाळाला धोका म्हणून ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची साधी विक्री 2021 पासून बंद केली. म्हणजे ऊन सगळीकडे तेच, पण ट्यूबमधला माल सरकार बदललं की बदलतो.

मग आपला नियम ढिला आहे का? कागदावर तरी नाही. उदाहरण पाऱ्याचं घ्या. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम टाकायला बंदी आहे. चुकून आला तरी दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. खरी अडचण पुढे आहे. हा नियम फक्त परवाना घेतलेल्या मालाला धरून ठेवतो. ब्युटी पार्लरमध्ये किंवा बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या बिननावाच्या डबीवर ना परवाना नंबर, ना घटकांची यादी.

याची किंमत विदर्भानं मोजली आहे. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या किडनीला त्रास झाल्याची बातमी 2023 च्या सुरुवातीला आली होती. स्थानिक पार्लरमधून घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असल्याचं मुंबईतल्या तपासणीत निघालं. ते सनस्क्रीन नव्हतं, पण "ऊन लागत नाही, रंगही उजळतो" म्हणून अशाच डब्या गावोगावी खपतात.

म्हणून घेताना एवढं पाहा :

- बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि परवाना नंबर
- बॅच नंबर आणि वापरण्याची शेवटची तारीख
- घटकांची यादी (झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड हे जुने, ओळखीचे घटक)
- परदेशी माल असेल तर नोंदणी क्रमांक

यातलं काही नसेल तर डबी परत करा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या टोल फ्री नंबरवर करता येते.

आणि शेतात राबणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. महागडी ट्यूब परवडत नसेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला शेला आणि दुपारी बारा ते तीन सावली, हा उपाय आजही पक्का आहे. स्वस्तातली बिनलेबलची डबी मात्र उन्हापेक्षा महाग पडू शकते.