ही फी नव्हे, हा विसार

“काका, फी ॲडजस्ट होते.”

पुण्यातल्या एका केशरोपण केंद्राच्या काउंटरवर मी हे वाक्य ऐकलं. शेजारी माझा चोवीस वर्षांचा भाचा उभा होता, टोपी काढून हातात धरलेली. कन्सल्टेशनचे हजार रुपये मागितले म्हणून मी पाकीट काढलं. मी कां-कू करतोय असं रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं असावं. तिने लगेच सांगितलं, सर्जरी बुक केली की हे हजार बिलातून वजा होतात.

मी कां-कू करत नव्हतो. डॉक्टरच्या सल्ल्याचे पैसे मोजावेत, या ठाम मताचा मी आहे. म्हणूनच सांगतो, शस्त्रक्रिया केली तरच परत मिळणारी रक्कम ही सल्ल्याची फी नसते. जमिनीच्या व्यवहारात तिला विसार म्हणतात. सौदा पुरा केला तर किमतीतून वजा, मागे फिरलात तर बुडाला. ज्या डॉक्टरला तपासणीचे पैसे तपासणीपुरते मिळाले, तो ‘करू नका’ म्हणू शकतो. विसार घेणाऱ्याने ‘नको’ म्हटलं तर त्याचं दुकान कसं चालणार?

त्या हजार रुपयांत आम्हाला काय मिळालं, ते ऐका. डॉक्टर ओटीत होते. ब्लेझर घातलेल्या एका काउन्सेलरबाईंनी भाच्याला खुर्चीत बसवलं, भुवयांच्या वर चार बोटं मोजली आणि पांढऱ्या पेन्सिलीने कपाळावर रेघ काढली. आरसा समोर धरला. त्या रेघेकडे बघताना पोराचा चेहरा उजळला, तो मी विसरू शकत नाही. मुलगी बघायला जाताना टोपी घालायची की नाही, यावर घरात दोन वर्षं चर्चा ऐकलेलं पोर ते. त्या उजळलेल्या चेहऱ्यासमोरच कॅल्क्युलेटर आला. साडेतीन हजार ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढून लावायचे केसांचे पुंजके, चाळीस रुपये दराने १,४०,०००. वर १८ टक्के जीएसटी, २५,२००. आजच बुक केलंत तर पीआरपीची, म्हणजे टाळूत द्यायच्या प्लाझ्मा इंजेक्शनांची, चार सेशन फ्री. ईएमआयची सोय आहे. डॉक्टर शेवटी दोन मिनिटं डोकावले, रेघेकडे बघून मान हलवली आणि गेले.

मानेमागचे केस कोणी पाहिले नाहीत. घरात कोणाला टक्कल आहे, थायरॉईड तपासलं का, रक्त कमी आहे का, कुठली गोळी चालू आहे का, यातलं एक अक्षर कोणी विचारलं नाही. चाई पडून केस गेलेत की आनुवंशिक टक्कल आहे, हा पहिला प्रश्न. चाई चालू असताना रोपण करायचं नसतं. तो प्रश्नच कोणाच्या तोंडी आला नाही.

केशरोपणात नवा केस तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यातले केस टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाला दाद देत नाहीत आणि पुढे आणून लावले तरी ते आपला हा गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेनट्राइश यांनी १९५९ साली हे मांडलं आणि या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला. पण तो पट्टा मर्यादित असतो. बहुतेकांना त्यातून जन्मभरात मिळून सहा हजारांच्या आसपास ग्राफ्ट काढता येतात आणि काढलेल्या जागी पुन्हा उगवत नाहीत. आमच्याकडे भातलावणीत आधी तरवा किती उगवलाय ते बघतात, मगच किती खाचरं लावायची ते ठरवतात. इथे तरवा न बघताच खाचराचा भाव ठरला. चोवीसाव्या वर्षी साडेतीन हजार ग्राफ्ट कपाळावर खर्ची घातले आणि पस्तिशीत टाळूवरचे मूळचे केस गेले, तर पुढे केसांची एक पट्टी, मागे मोकळं मैदान, आणि ते भरायला काही शिल्लक नाही.

आठवड्याने मी त्याला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. जुनी इमारत, लाकडी बाक, भिंतीवर पाटी : तपासणी ६०० रुपये. फी आणि इतर आकार दवाखान्यातल्या फलकावर स्पष्ट लिहावेत, असं वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांतच आहे. ती पाटी पाहूनच मला बरं वाटलं. डॉक्टरांनी स्वतः भिंगाने टाळू पाहिली, मग मागचे केस बाजूला सारून तिथली दाटी पाहिली. भाच्याच्या वडिलांची, आजोबांची चौकशी केली. मग माझ्याकडे वळले : “मामा ना तुम्ही? तुमचे केस कितव्या वर्षी जायला लागले?” रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. मिनॉक्सिडिल आणि फिनॅस्टेराइड ही दोन औषधं काय करतात, त्यांचे दुष्परिणाम कोणते, हे संकोच न करता पोराला समजावलं. आणि म्हणाले, “आत्ता रोपण नको. वर्षभर औषध घे, दर तीन महिन्यांनी त्याच उजेडात फोटो काढ. टक्कल कुठवर जातंय ते कळू दे, मग बघू.” हे ‘नको’ सहाशे रुपयांना मिळालं. मी आयुष्यात डॉक्टरला दिलेले ते सगळ्यात सार्थकी लागलेले सहाशे रुपये.

हे घरी सांगितलं तर मेव्हणे म्हणाले, “अमुक ठिकाणी कन्सल्टेशन फुकट आहे, मग पैसे कशाला दिलेस?” फुकट ते पौष्टिक, ही आपली जुनी खोड. साडी दाखवायचे पैसे दुकानदार घेत नाही, कारण त्याला साडी विकायची असते. ज्या दवाखान्यात बघायचे पैसे नाहीत, तिथे तुम्हाला काय विकायचं आहे याचा विचार करा. त्या काउन्सेलरबाईंचा पगार, जाहिराती, ब्लेझर आणि फुकट तपासून परत गेलेल्या दहा जणांचा खर्च, हे सगळं बुकिंग करणाऱ्या अकराव्याच्या ग्राफ्टच्या दरातूनच निघतं.

आणि हा फक्त पैशाचा मामला नाही. २०१९ मध्ये मुंबईत एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. एका दंतवैद्याकडे रोपण करून घेतल्यानंतर दोन अभियंते दगावल्याचं प्रकरण २०२५ मध्ये कानपूरला उघडकीस आलं. मधल्या काळात, २०२२ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला मार्गदर्शक सूचनांत लिहावं लागलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून केशरोपण शिकलो, हे प्रशिक्षण पुरेसं नाही. डॉक्टरांना हे कागदावर बजावावं लागतं, यातच सगळं आलं. ‘करू नका’ किंवा ‘एवढे करू नका’ असं सांगणारा माणूस सगळ्यात आधी तपासणीच्या टेबलावर हवा. आणि नेमका तोच तिथून उठवून त्याच्या जागी टार्गेट असलेला विक्रेता बसवला जातो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. फी द्या, मोजून द्या, पावती घ्या. पण त्या फीच्या बदल्यात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर स्वतः समोर बसला पाहिजे. त्याने मागचा पट्टा तपासला पाहिजे. निदान काय, किती ग्राफ्ट, कशासाठी, आणि मागे शिल्लक किती राहणार, हे सही करून कागदावर दिलं पाहिजे. टक्कल ही तातडीची बाब नाही, तेव्हा ‘आजच’ हा शब्द ऐकला की उठा. आणि फी ॲडजस्ट होते म्हणाले तर सांगा, माझी नका करू. सल्ल्याचे पैसे सल्ल्यातच राहू द्या. आरोग्य खात्याला माझं सांगणं आहे की शस्त्रक्रियेच्या बिलातून तपासणीची फी वजा करण्यावर बंदी घाला आणि दर ठरवणाऱ्या बिगरडॉक्टरांना तपासणीच्या खोलीतून बाहेर काढा.

महिनाअखेरीला त्या केंद्रातून भाच्याला फोन आला. तुमचे हजार रुपये अजून जमा आहेत, तीस तारखेपर्यंत ॲडजस्ट करता येतील. फोन स्पीकरवर होता. त्याने विचारलं, “मॅडम, डॉक्टर काय म्हणाले होते माझ्याबद्दल?” पलीकडून उत्तर आलं, “सर, तुमचं पॅकेज फायनल आहे.” त्याने फोन ठेवला, स्नानगृहात जाऊन आरशासमोर उभा राहिला आणि त्या दिवसाचा औषधाचा डोस टाळूला लावला. टोपी खुंटीवरच होती.